घडी न मोडलेला कागद

टेकडीच्या पायऱ्या दोनशे तरी असाव्यात. डॉक्टर विनायक भडकमकर ही हकीकत सांगताना नेहमी इथेच अडखळत. दोनशे, की त्याहूनही जास्त? ऊन होतं, हे नक्की. चैत्र होता. सरांनी आधी पाणी दिलं की आधी कागद मागितला, याचीही त्यांना खात्री देता येत नसे. बहुधा पाणी दिलंच नव्हतं.

"कुणावर चिडून आलास?"

एवढं मात्र सरांनी विचारलं होतं. चटईवरून न उठता.

सर म्हणजे डॉक्टर आबनावे. छातीच्या रोगांचे जुने प्राध्यापक. निवृत्तीनंतर ते टेकडीवर, भैरोबाच्या देवळामागच्या एका खोलीत राहत. स्वतः जन्माचे दमेकरी. दमेकऱ्याने टेकडीवर का राहावं, हे त्यांना विचारायचं धाडस कुणी करत नसे.

"पेशंटवर..." भडकमकर दारातच उभे राहून म्हणाले. "हौसाबाईवर... आणि तिच्या त्या नवऱ्यावर..."

पुढचं बोलायला दम पुरेना. त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढून दाखवला.

झालं होतं ते असं.

सहा महिन्यांपूर्वी भडकमकरांनी दम्याच्या पेशंटसाठी हा कागद छापून घेतला होता. हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन पट्टे. तब्येत कशी असली की काय करायचं, कोणता पंप किती वेळा ओढायचा, दवाखान्यात कधी धावायचं, सगळं दोन्ही बाजूंनी भरगच्च. भाषा त्यांनी स्वतः चार वेळा तपासली होती. एका परिषदेत त्याचं कौतुक झालं होतं. कागद हाती देताना ते प्रत्येकाला दोन गोष्टी बजावत. हा जपून ठेवा. आणि यात लिहिलंय तसंच करा, मनाचं काही करू नका.

हौसाबाईंनी तो जपून ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत, लेकीच्या लग्नातल्या शालूखाली, कुलूपबंद ट्रंकेत.

सोमवारी दुपारी मिरचीच्या कांडपावरून त्या घरी आल्या त्या धापा टाकतच. निळा पंप समोरच्या फळीवर होता. त्यांनी हात पुढे केला, तर नवऱ्याने, धोंडिरामने, तो धरला.

"थांब. आधी कागद बघू. सायबांनी बजावलंय."

आणि तो ट्रंकेची किल्ली शोधू लागला. किल्ली हौसाबाईंच्या कमरेला होती. बोलता येईना म्हणून त्या कमरेकडे बोट दाखवत राहिल्या. त्याला वाटलं, हिच्या पोटातही दुखतंय.

ओठ निळे पडले तेव्हा शेजाऱ्यांनी आरडाओरडा करून त्यांना जीपमध्ये घातलं. तीन दिवस ऑक्सिजन लागला. वाचल्या.

चौथ्या दिवशी सकाळी धोंडिरामने वॉर्डात डॉक्टरांपुढे कागद धरला. मोठ्या अभिमानाने.

"बघा सायेब. घडीसुदिक मोडली न्हाई."

भडकमकरांनी कागद हिसकावला. भरल्या वॉर्डात धोंडिरामला नाही नाही ते बोलले. गाढवापुढे वाचली गीता, हेही बोलले. उद्यापासून एकाही पेशंटला कागद मिळणार नाही, असं नर्सला सुनावलं आणि तडक टेकडी गाठली. सर तरी आपली बाजू घेतील, अशी त्यांची अपेक्षा होती.

"आण इकडे," सर म्हणाले.

कागद त्यांनी उलटसुलट पाहिला. चष्मा वर केला. पुन्हा पाहिला.

"तूच लिहिलास?"

"हो... एकेक शब्द..."

"वाच."

"सर, तुम्ही... आत्ताच पाहिलात..."

"मी नाही. तू वाच. लाल पट्टा. मोठ्याने."

भडकमकरांनी कागद घेतला. " 'श्वसनमार्गाचं आकुंचन... तीव्र स्वरूपाचं... असल्याची लक्षणं...' " ते थांबले. घाम डोळ्यांत उतरत होता. " '...लक्षणं आढळल्यास... फुंकनळीवरील मापन... पन्नास टक्क्यांहून...' "

"पुढे."

"जरा... श्वास..."

"पुढे वाच! अजून पंप आला नाही!"

आबनावे सरांचा आवाज इतका चढेल, असं भडकमकरांना कधी वाटलं नव्हतं. देवळाच्या ओट्यावर फुलं निवडणारी गुरवीण हातातली परडी ठेवून इकडे बघू लागली.

"सर... मी टेकडी चढून आलोय!"

"आणि ती? ती कुठून चढून आली होती, विनायक?"

भडकमकरांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकले, मान खाली घातली आणि ते ओणवे होऊन श्वास घेऊ लागले.

तेव्हा त्यांना ते दिसलं.

समोरच्या भिंतीवर, जमिनीपासून जेमतेम दोन वितींवर, कोळशाने लिहिलेल्या चार ओळी. उभ्या माणसाला कधी दिसल्याच नसत्या. इतकी वर्षं येऊन त्यांनी त्या पाहिल्या नव्हत्या.

निळा पंप. थांबून थांबून चारदा.
बसवून ठेवा, निजवू नका.
बरं वाटलं नाही तर जीप.
विचारत बसू नका.

खाली, भिंतीलाच टेकून, निळा पंप ठेवलेला होता.

"हे... तुमचं अक्षर नाही," भडकमकर म्हणाले.

"तिचं." सरांनी ओट्याकडे हात केला. "मला दम लागला की धावत येते ती. वाचायचं तिला, मला नाही."

"यांनीही आधी तीच पुस्तकातली भाषा लिहायला लावली होती, डॉक्टर," गुरवीण तिथूनच म्हणाली. "मी म्हटलं, मास्तर, तुम्ही मराल आणि मी शब्दच लावत बसेन."

सर हसले नाहीत.

"पण सर, मी त्याला सगळं समजावून..."

"सांगितलंस. जपून ठेव, म्हणालास. त्याने ठेवला. कागदात आहे तसंच कर, म्हणालास. बायकोचा जीव जात असताना त्याने तिचा हात धरला, तुझ्या शब्दाखातर! इतका आज्ञाधारक चेला मला उभ्या जन्मात मिळाला नाही. आणि तू त्याला गाढव म्हणालास."

"मी... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्ता तुझ्या तोंडावरून कळलं."

भैरोबाच्या घंटेवर चिमणी बसली, उडाली.

"घरी कधी सोडणार तिला?"

"उद्या."

"हातात काय देणार?"

सरांनी चुलीतून कोळशाचा एक तुकडा उचलला, त्याची राख झटकली आणि भडकमकरांच्या तळहातावर ठेवला. भडकमकर निघाले. दारातून बाहेर पडताना त्यांना पुन्हा राग आला, यावेळी कुणावर ते त्यांनाच कळेना. पाठीमागून सरांचा आवाज आला.

"विनायक. उतरताना पायऱ्या मोज."

त्यांनी मोजल्या नाहीत. मुद्दामच.

दुसऱ्या दिवशी मात्र ते हौसाबाईंच्या घरी गेले. पायजमा सावरत जमिनीवर ओणवे झाले. हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. धोंडिराम लांब, दाराशी उभा होता.

"काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला काय इचारता सायेब? तुमीच सांगा," धोंडिराम म्हणाला. मग जरा थांबून, "न्हाय तर परत चुकायचं माझं."

"चूक माझी होती, धोंडिराम."

हौसाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"पैलं ह्ये लिवा," त्या म्हणाल्या. "हात धरू नगं."

त्यांनी तेच पहिलं लिहिलं.

सर गेल्यावर अकरा वर्षांनी भडकमकर एकदा त्या टेकडीवर गेले. त्यांची सत्तरी उलटली होती. काठी टेकत ते सावकाश चढले, आणि उतरताना त्यांनी पायऱ्या मोजल्या. विश्वास बसेना म्हणून पुन्हा वर जाऊन दुसऱ्यांदा मोजल्या. पायऱ्या जुन्याच होत्या, एकही नवी नाही की पडलेली नाही. गुरवाकडेही त्यांनी विचारून खात्री करून घेतली.

चौतीस.