वाळूतलं अळू

आटपाट बेट होतं. नगर नव्हे बरं का, बेट. चिनू, आधी बहिणीच्या अंगावरचा पाय काढ, मग पुढे सांगते.

तर ते बेट मोठं होतं, पण माणसं झाली त्याहून जास्त. चुलीला चूल लागली. रोज भांडणं. मग सरदाराचा धाकटा मुलगा पाओआ म्हणाला, "मी जातो नवी जमीन शोधायला." दोन वर्षं खपून त्यानं दोन लांब होड्या केल्या. दोन्ही शेजारी ठेवून वर फळ्या टाकल्या, दोरांनी आवळून बांधल्या, वर एक खोपटं केलं आणि वीस-पंचवीस माणसं घेऊन निघाला. बरोबर कोंबड्या, कुत्री, नारळ. आणि त्याची बहीण तेउरा.

तेउराच्या मांडीवर एक टोपली होती. टोपलीत ओल्या पानांत गुंडाळलेले अळूचे कंद. आपण फदफदं करतो ना, त्याच जातीचं अळू. पण आपल्याला ते तोंडीलावणं, आणि त्या लोकांची ती भाकरी होती. निघताना आई म्हणाली होती, "बाई गं, मासे समुद्र देईल. पण नुसत्या माशांवर लेकरं वाढत नाहीत. अळू जगलं तर तुम्ही जगलात."

मग होडी चालली. पाओआ ताऱ्यांवरून वाट काढायचा. होडीच्या तळाला पाठ टेकून पडायचा आणि लाट कुठून येतेय ते पाठीनंच सांगायचा. हुशार होता, नाही कशाला म्हणू? पण मला विचाराल तर खरी कसोटी तेउराची. आधी ऊन इतकं पडलं की कंद सुकायला लागले. ती आपल्या वाटचं निम्मं पाणी त्यांच्यावर शिंपडायची. मग वादळ आलं. खारं पाणी लागलं की अळू मेलंच. तर ही टोपलीवर पालथी पडली आणि दोन दिवस लाटा पाठीवर घेतल्या. मग खाणं संपलं. माणसं टोपलीकडे बघायला लागली. तेउरा म्हणाली, "हे आजचं नाही, उद्याचं आहे. हात लावायचा नाही." कुणी लावला नाही. कच्चं अळू घशाला खाजतं, हेही त्यांना ठाऊक होतं म्हणा.

मग एके दिवशी संध्याकाळी पक्षी एका दिशेनं घरी जाताना दिसले. पाओआनं होडी त्यांच्या मागे लावली आणि सकाळी बेट सापडलं. पण कसलं बेट? नुसती पांढरी वाळू, गुडघ्याएवढी झुडपं. डोंगर नाही, नदी नाही, चमचाभर माती नाही. मधोमध उभं राहिलं तर इकडचाही समुद्र दिसायचा आणि तिकडचाही. पाऊस आला की नारळाच्या कवट्या मांडायच्या, तेवढंच प्यायला पाणी.

तेउरानं किनाऱ्याजवळ अळू लावलं. खाऱ्या वाऱ्यानं जळलं. मग झुडपांच्या सावलीत लावलं. वाळूनं पाणी पिऊन टाकलं, कंद वाळले. उरला एक. एकच.

पाओआ म्हणाला, "महिन्याभरात वारा घराकडे फिरेल. आपण परत जाऊ." सगळ्यांची तोंडं उतरली. परत गेलं तर कुणाच्या चुलीशी बसणार? तिथे जागा नव्हती म्हणूनच तर निघाले होते.

तेउराला झोप येईना. तिनं विचार केला, पाऊस तर पडतो. मग पाणी जातं कुठे? खालीच जात असणार. कडेला समुद्राचं पाणी त्यात मिसळतं, मग मधे काय असेल? दुसऱ्या दिवशी तिनं पावलं मोजून बेटाचा मध्य काढला आणि मोठ्या शिंपल्यानं खणायला बसली. लोक हसले. म्हणाले, "समुद्रात बसून बाई विहीर खणतेय." ती खणतच राहिली. कमरेएवढं झालं आणि वाळू ढासळली. पुन्हा खणलं, पुन्हा ढासळली. तिसऱ्यांदा ती डोक्याइतकी खाली गेली आणि बोटं ओली झाली. तिनं बोट चाटलं. गोड. तेवढ्यात कडेची वाळू कोसळली आणि तेउरा गळ्यापर्यंत गाडली गेली.

पाओआ धावला. दोन्ही हातांनी उकरून त्यानं तिला बाहेर ओढलं. ती धापा टाकत म्हणाली, "दादा, पाणी गोड आहे. पण वाळू उभी राहत नाही. फळ्या हव्यात."

त्या बेटावर फळ्या एकाच ठिकाणी होत्या. सगळ्यांनी किनाऱ्यावरच्या होडीकडे पाहिलं.

पाओआ होडीपाशी जाऊन बसला. दिवसभर बसला. स्वतःच्या हातानं घडवलेली होडी, तिच्याशिवाय घर नाही, आई नाही. आणि इकडे काय, तर एक खड्डा आणि एक कंद. संध्याकाळी तो उठला. दगडी कुऱ्हाड घेतली आणि दोन होड्यांना बांधणारे दोर तोडले. एक होडी ठेवली, दुसरी फोडली. एकट्या होडीनं मासे मारता येतात, घरी जाता येत नाही. "आता आपण इथलेच," तो म्हणाला.

मग कोण हसतंय? सगळे खड्ड्यात उतरले. फळ्यांनी कडा धरल्या. खड्डा अंगणाएवढा झाला. माती नव्हती, तर माती केली. झुडपांची पानं, पक्ष्यांची पिसं, माशांचे काटे, सगळं कुजवलं. बिनबुडाची टोपली विणून तळाच्या ओल्या वाळूत ठेवली, ती माती भरली आणि मधे तो कंद लावला.

दिवस गेले. वारा घराकडे फिरला. माणसं वाऱ्याकडे बघायची आणि मान खाली घालायची. तेउरा रोज खड्ड्यात उतरायची आणि हात हलवत वर यायची. आणि एका सकाळी ती वर आलीच नाही. पाओआ घाबरून खाली उतरला. पाहतो तर तेउरा चिखलात बसलेली, आणि तिच्यासमोर एक हिरवी सुरळी. उलगडायला लागलेलं पान, बरं का. एवढा मोठा सरदाराचा मुलगा, पण बहिणीशेजारी चिखलात बसून ढसाढसा रडला. मग त्यानं शंख असा फुंकला, असा फुंकला, की सगळं बेट धावत आलं. उरलेली होडी पालथी घालून तिच्यावर ताल धरला. तीन दिवस नाच चालला. तेउराला खांद्यावरून खाली उतरूच देईनात.

त्या एका कंदाला पिलं फुटली, पिलांना पिलं. दर वर्षी नवा खड्डा, दर वर्षी नवं अळू. आणि खणलेली वाळू कडेला टाकता टाकता तिची टेकडी झाली. ज्या बेटाला उंचवटा नव्हता, तिथली पोरं उतारावरून घसरगुंडी खेळायला लागली. तिथे बाळ जन्मलं की बारशाला पैंजण नाही करत. घरातली सगळी माणसं टोपलीभर पानं नेऊन खड्ड्यात घालतात. बाळ वाढतं तशी माती वाढते. आणि कुणी परका येऊन विचारू लागला, की बाबांनो, एवढी काळी माती इथे आली कुठून, तर तिथली शेंबडी पोरंसुद्धा छाती काढून सांगतात, "आली कुठून काय? आमच्या आजीनं केली."

तर अशी ती माणसं पोटभर जेवली आणि सुखानं नांदली. तुमचंही पोट भरलंय, आता मिटा डोळे.