हिरव्या चोचीचा पोपट

"म्हणजे बुवा, मला नको असलेलं खेळणं आणायचं?"

"हो."

"एवढंच?"

"एवढंच. ज्यात तुझा जीव अडकणार नाही, असं एक खेळणं आतून घेऊन ये. मग अनुग्रह देतो."

अरविंद गोठोसकरांना हसूच आलं. इतकी वर्षं ते भानुबुवांकडे अनुग्रह मागत होते आणि बुवा दरवेळी "बघू" म्हणून वाटेला लावत होते. आज मिळत होता, तोही इतक्या स्वस्तात!

खरं तर बुवा मठ सोडून कुठे जाणारे नव्हेत. दाढ ठणकायला लागली म्हणून त्यांना पुण्याला दंतवैद्याकडे यावं लागलं. गोठोसकरांनी आपली गाडी काढली. परतीच्या वाटेवर खेळण्यांच्या कारखानदारांचं मोठं प्रदर्शन लागलं. आता, 'लागलं' हा आपला बोलण्याचा शब्द. त्यासाठी गोठोसकरांनी अर्ध्या शहराला वळसा घातला होता.

गोठोसकर खेळणी जमवत. पत्र्याच्या मोटारी, किल्लीची माकडं, जुन्या बाहुल्या. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरंच आहे. पण त्यांच्या हौसेनं घरातल्या माणसांना उठाबसायला जागाही ठेवली नव्हती. प्रदर्शनात फक्त व्यापाऱ्यांना प्रवेश होता, म्हणून ते गळ्यात 'घाऊक खरेदीदार' असा बिल्ला अडकवून आले होते.

बुवा बाहेर कडुनिंबाखाली खुर्चीवर बसले, गालावर हात ठेवून.

गोठोसकर आत शिरले.

पहिल्याच स्टॉलवर त्यांना हवं ते दिसलं, म्हणजे नको ते दिसलं. प्लास्टिकचा भडक हिरवा पोपट. पोट दाबलं की "राम राम" म्हणणारा. त्यांच्यासारख्या जाणकारानं ज्याच्याकडे ढुंकून पाहू नये, असा माल.

"हा द्या," ते म्हणाले.

"तो राहू द्या, साहेब," स्टॉलचे मालक छेडाशेठ म्हणाले. "त्याची चोच लाल करायची राहून गेलीये. कारखान्यातली चूक. मी तुम्हाला चांगला देतो."

गोठोसकरांनी पाहिलं. टेबलावरच्या सगळ्या पोपटांच्या चोची लाल. या एकाची हिरवी.

"असे आणखी निघालेत?"

"छे! हा एकच."

गोठोसकरांनी तो झटकन उचलला. चुकलेला नग! खेळणी जमवणारी माणसं अशा एका चुकीसाठी जन्मभर वणवण करतात. जगात एकच, आणि तो त्यांच्या हातात.

"मला हाच हवा," ते जवळजवळ ओरडलेच.

शेठनी त्यांच्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. असा घाऊक खरेदीदार त्यांनी पाहिला नव्हता. त्यांनी पोपट फुकट देऊन टाकला.

पोपट पिशवीत गेला, पण तो बुवांसाठी चालणार नव्हता. आता त्यात जीव अडकला होता.

हरकत नाही, दुसरं काही पाहू.

पुढच्या स्टॉलवर तान्ह्या बाळांचे कापडी चेंडू होते. गोठोसकरांनी एक उचलला. यात काय आहे? काहीच नाही... आणि मग त्यांना आठवलं, आपल्या संग्रहात कापडी वस्तू एकही नाही. एवढी मोठी उणीव इतकी वर्षं लक्षातच कशी आली नाही? चेंडू त्यांना एकदम हवासा वाटला. त्यांनी तो घाईनं खाली ठेवला.

मग एका कोपऱ्यात रिकामं खोकं पडलेलं दिसलं. हे तर खेळणंही नव्हे! त्यांनी ते उचललं, आणि उचलताक्षणी कोपरे तपासले. चारही कोपरे शाबूत, कुठे सुरकुती नाही. अशा खोक्यासाठी लोक खेळण्याहून जास्त मोजतात...

गोठोसकरांनी खोकं होतं तिथेच ठेवलं.

त्यांना भीती वाटली. एवढ्या मोठ्या मंडपात त्यांना नको असलेलं काहीच नव्हतं. नको म्हणून हात लावावा, की ते हवं होई. हे प्रदर्शनाचं होतं, की त्यांचंच काही बिघडलं होतं, ते त्यांना कळेना. अनुग्रह हातातोंडाशी आला होता आणि डोकं गरगरत होतं.

ते तसेच बाहेर आले.

"बुवा, काही आणलं नाही. नको असलेलं सापडलंच नाही."

बुवांनी पिशवीकडे पाहिलं.

"हा... हा माझ्यासाठी घेतलाय."

बुवांनी पोपट हातात घेतला, पोट दाबलं.

"राम राम," पोपट म्हणाला.

"राम राम," बुवा म्हणाले, आणि इतके हसले की गाल धरून कळवळले.

"याचं एवढं काय रे?"

"चोच, बुवा! चोच हिरवी आहे. असा दुसरा पोपट अख्ख्या जगात नाही."

बुवा बराच वेळ चोच न्याहाळत राहिले...

आणि गोठोसकरांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नको ते द्यायला कुणीही तयार असतो. द्यायचं असतं ते सगळ्यात हवं असलेलं! त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बुवांच्या हातून पोपट घेतला आणि त्यांच्या पायांशी ठेवला.

"बुवा, जगातला एकमेव पोपट आपल्या चरणी. आता माझा जीव कशातही नाही."

त्यांनी डोकं टेकवलं आणि मंत्रासाठी कान पुढे केला.

मंत्र आला नाही.

बुवांनी पोपट उचलून परत त्यांच्या हातात दिला.

"म्हणजे... मी घरी नेऊ?"

बुवांनी मान हलवली. नाही.

"मग तुम्ही ठेवून घेता?"

पुन्हा नाही.

गोठोसकर कधी बुवांकडे पाहत, कधी पोपटाकडे. ठेवायचा नाही, द्यायचा नाही... त्यांना रडू यायच्या बेतात होतं.

"मग मी करू तरी काय, बुवा?"

बुवांनी गालावरचा हात काढला.

"आत जा, आणि त्याची चोच लाल करून आण."