नदीपलीकडचा लेप

नदीकाठच्या एका जंगलात एक सशीण राहत असे. तिच्या मानेखाली गाठ धरली होती. पलीकडच्या तीरावर एक म्हातारे अस्वल मुळी उगाळून अशा गाठींवर लेप लावत असे, आणि तोही फुकट. पण मुलांनो, तो लेप एकदा लावून भागत नसे. ठरावीक दिवसांनी, खेपेखेपेने लावावा लागे. शिवाय असा जहाल, की गाठीबरोबर अंगातले त्राणही ओढून घेई. एके काळी दगडांवरून टुणटुण उड्या मारत नदी ओलांडणारी सशीण आता काठावरच धापा टाकू लागली. मागची खेप अशीच हुकली. तेव्हा अस्वलाने पलीकडून ओरडून बजावले होते, "पुढच्या खेपेला सूर्य बुडायच्या आत ये, पोरी. तीही चुकली, तर माझ्या हातात काही उरायचे नाही!"

आज ती खेप होती, आणि सूर्य डोंगराला टेकला होता. सशीण पहिल्याच दगडावर लटपटत उभी होती. त्या जंगलाची एक रीत होती : निघालेल्याला 'कुठे?' म्हणून विचारायचे नाही. विचारले की काम फसते म्हणे! म्हणून येणारेजाणारे तिच्याकडे पाहत आणि मुकाट्याने पुढे जात. कोल्हा तेवढा थांबला. "काळजी घे हो, सशीणताई! लेप फुकट मिळतो, नशीब काढलंस."

"फुकट आहे हो कोल्होबा, पण पलीकडे आहे."

"मग जा की सावकाश!" असे म्हणून कोल्हा शेपूट उडवत निघून गेला.

सशिणीने डोळे मिटून उडी घेतली. दगड शेवाळलेला होता. पाय सटकला, पाणी नाकाशी आले. कशीबशी ती परत अलीकडच्याच काठाला लागली. तेवढ्यात पाठीवर बगळा घेऊन रानम्हैस रोजच्यासारखी पलीकडे डुंबायला निघाली. सशिणीची जीभ रेटेना. एवढ्या थोरलीला 'मला ने' म्हणावे तरी कसे? म्हैस पाण्यात शिरली, थबकली, आणि गर्रकन वळली.

"अगं, जीव जाईल तुझा! निघालीस तरी कुठे?"

"अपशकुन! अपशकुन!" बगळा किंचाळला. "तू 'कुठे' विचारलंस!"

"तू गप रे! पंख असून माझ्या पाठीवर बसतोस, तो कुठला शकुन? ऊठ, जागा दे तिला." म्हैस गुडघे टेकून खाली बसली. "मागच्या खेपेलाही तुला इथे पाहिलं होतं गं बाई. विचारू नये म्हणून गप्प राहिले. जळो ती रीत!"

पाठीवर चढता चढता सशिणीने अस्वलाचा लेप आणि सूर्य बुडायची मुदत सांगितली. मधल्या धारेत पोहोचेपर्यंत पाणी तांबडे झाले. पलीकडे अस्वल सहाण धुवायला वाकलेले दिसले. "थांबा, वैद्यबुवा!" म्हैस अशी हंबरली की अस्वलाच्या हातचे पाणी सांडले. सूर्याची कड बुडता बुडता लेप गाठीवर बसला.

परतताना म्हैस म्हणाली, "पुढच्या खेपेला काठावर उभी राहा. आता मी विचारणार नाही. कुठे जायचं ते मला ठाऊक आहे."

तात्पर्य : पोहोचता येत नसेल, तर फुकटचे औषधही दूरच राहते. आजाऱ्याला नुसते 'काळजी घे' म्हणू नये; 'जाणार कशी?' हे विचारावे, आणि विचारून झाल्यावर पाठ पुढे करावी.