सुलटं चिकटवलेलं चित्र

पाय पांघरुणात घ्या आधी, मगच सांगते. हां. तर तिकडे जपानात, समुद्राकाठी एक होती सोनो. तिचा नवरा तोकुजी चित्रं काढायचा आणि ती लाकडाच्या फळीवर कोरायची. मग फळीला शाई लावून कागद दाबला, की एका चित्राची शंभर चित्रं. पण चित्र फळीवर चिकटवून त्यावरूनच कोरतात, म्हणून मूळ चित्राचा भुगा होतो, बरं का. आणि ते पालथं चिकटवायचं असतं, म्हणजे छापलेलं सुलटं येतं. शिक्क्यावर अक्षरं उलटी असतात ना, तसं.

एकदा काय झालं, तोकुजी नावेतून गेला तो आलाच नाही. वादळ झालं, लाटेनं अर्धं गाव नेलं. सोनोजवळ उरलं त्याचं एकच चित्र. त्यांचं दार, आणि दाराच्या उजवीकडे कंदील.

कोरावं, तर त्याच्या हाताची तेवढी खूणही जायची. तिनं पटाशी उचलली, चित्राकडे बघितलं, ठेवली. मग पुन्हा उचलली, रडू आलं, ठेवली. तिसऱ्यांदा फळीच बोलली. हसतोस काय रे, जुनी लाकडं बोलतात. म्हणाली, "बाई, दाणा कणगीत ठेवलास तर एकच राहील. पेर. कुठं तरी त्याच्या नजरेला पडेल."

मग सोनोनं खळ लावली. पण चित्र पालथं टाकवेना. त्याच्या रेघा शेवटपर्यंत दिसाव्यात म्हणून वेडीनं सुलटंच चिकटवलं. छापलं, तर कंदील डावीकडे. गाव हसलं. कुंभारानं त्या कागदांत कप गुंडाळले आणि जहाजात चढवले.

जहाज गेलं सातासमुद्रापार. एका बंदरात कुणी कागद भिंतीवर लावला. दुसऱ्या बंदरातला मोठा चितारी तो बघून सावल्या रंगवायच्या सोडून साध्या रेघा काढायला लागला. तिसऱ्या बंदरात हमाली करत होता आपला तोकुजी. वादळातून वाचून तिथं पोचला होता, आणि गाव बुडालं, कुणी उरलं नाही, असं ऐकून तिथंच राहिला होता बिचारा.

त्यानं कपाभोवतीचा कागद सरळ केला. दार आपलं, कंदील आपला, पण डावीकडे. म्हणाला, "दुसऱ्या कुणीही हे पालथं टाकून कोरलं असतं. जिला टाकवलं नाही, ती माझी सोनोच." आणि ढसाढसा रडला.

मग आला की घरी. बघतो तर दारातला कंदील खरंच डावीकडे.

सोनो म्हणाली, "चित्र बघून येणारा चुकायला नको."

मग दोघं सुखानं राहिली. त्यांनी कंदील तसाच ठेवला. आपला दिवा मात्र मी मालवते. मिटा डोळे.