नऊ दिवस जमिनीवर बसलेलं विमान

डोंगरांनी वेढलेल्या एका मुलखात दोन पंख्यांचं एक विमान होतं. वीस वर्षं ते रोज घाटाखालच्या शहरात जाऊन येई. टपाल, औषधं, आजारी माणसं, सगळं त्यातूनच. काही बिघडलं, तर येसाजी मिस्त्री दुपारपर्यंत दुरुस्त करी.

विमान जुनं झालं, तेव्हा तसंच नवं बनवायचं काम शार्दूल नावाच्या हुशार अभियंत्याकडे आलं. ‘तसंच’ हा शब्द त्याला खटकला. त्याने दार आपोआप बंद होईल असं केलं. दारावर लक्ष ठेवायला एक यंत्र बसवलं आणि त्या यंत्रावर लक्ष ठेवायला दुसरं.

येसाजीने विचारलं, “साहेब, जुन्यात काय कमी पडत होतं?”

“कमी काही नाही. पण काळाच्या मागे का राहायचं?”

“आणि बिघडलं तर?”

“ते विमान स्वतःच सांगेल.”

विमान सांगू लागलं. हवा दमट झाली, की दार बंद असूनही लाल दिवा पेटे, आणि दिवा पेटला की इंजिनं सुरूच होत नसत. येसाजी पत्रा काढी, तर आत दुसरा पत्रा. सुटा भाग शहरातून यायचा, आणि शहरात जाणारं विमान तर हेच!

एकदा ते नऊ दिवस बसून राहिलं. शेवटी शार्दूल स्वतः सुटा भाग घेऊन घाट चढून आला. त्याच सकाळी शाळेच्या बाई छपरावरून पडल्या. पायाचं हाड बाहेर आलं होतं. इंजिनं ठणठणीत, वैमानिक तयार. पण नवा भाग बसवला, दुपार झाली, तरी दिवा विझेना.

“आता थांबू नका. डोली बांधा,” येसाजी म्हणाला.

शार्दूलने पाना खाली ठेवला आणि डोलीचा दांडा खांद्यावर घेतला. दोन दिवसांची वाट होती. बाई कण्हत होत्या. एकदा त्यांनी विचारलं, “विमान का उडालं नाही हो?”

“दारामुळे,” शार्दूल म्हणाला.

“उघडं राहिलं होतं का?”

“नाही बाई. बंदच होतं.”

बाई वाचल्या, पण पाय कायमचा अधू झाला.

शार्दूल शहरातल्या आपल्या कारखान्यात लगेच परतला नाही. वर्षभर येसाजीच्या हाताखाली राबला. मग त्याने जुन्या आराखड्याबरहुकूम विमान बांधलं. बदल एकच केला. आजारी माणसाला झोपवून आत नेता यावं, म्हणून दार हातभर अधिक रुंद केलं. कडी मात्र हातानेच लावायची ठेवली.

या गोष्टीचं तात्पर्य एवढंच: चांगल्या चाललेल्या गोष्टीत भर घालण्याआधी विचारावं, ही भर लोकांच्या गरजेची आहे, की आपल्या हुशारीची?