विसरपरी आणि अर्धी अंगाई

ही गोष्ट ग्रीस देशातली, लई जुनी. तेव्हा मीपण नव्हतो, तुम्हीपण नव्हता, म्हणून मधेमधे चुका काढायच्या नाहीत!

तिथे मिर्तो नावाची गरीब पोरगी होती. झग्याला ठिगळंच ठिगळं. आई गेल्या थंडीत देवाघरी गेलेली. धाकटा भाऊ लिनो तापाने फणफणलेला, तीन दिवस डोळ्याला डोळा नाही.

"ताई, आईची अंगाई म्हण ना."

मिर्तो म्हणायची, पण शेवटच्या ओळीपाशी अडायची. आठवेचना! की लिनोने भोकाड पसरलंच.

शेजारची आजी म्हणाली, "माणसं विसरतात ते सगळं विसरनदीत जातं, पोरी. तिथे शोध. पण ते पाणी पिऊ नकोस हां, घरचा रस्ता विसरशील!"

मिर्तो पळत सुटली.

नदीकाठी खसखशीची लालचुटुक फुलं डुलत होती. पाण्यात इवलेइवले खडे चमचमत होते, निळे, गुलाबी, सोनेरी. एकेका खड्यात कुणीतरी विसरलेलं काहीतरी. (माझे सगळे पाढे तिथेच असणार.)

फुलातून एक चिमुकली परी जांभई देत उठली. "कोण गं तू?"

"मिर्तो."

"गोड नाव! हे बघ, एकदाच मागायचं. मागशील तो खडा हातात येईल. दुसऱ्यांदा काही मिळणार नाही. बरं, कोण गं तू?"

"मिर्तोच, परीताई!" मिर्तो खुदकन हसली.

"आणि मी कोण?" परीचे डोळे भरले. "हेच पाणी पिऊन पिऊन माझं नावच विसरले बघ. कुणी हाकसुद्धा मारत नाही."

मिर्तोच्या डोळ्यांपुढे लिनोचा रडका चेहरा आला. मग तिला वाटलं, मला निदान अर्धी अंगाई तरी येते. हिच्याकडे तर काहीच नाही.

"मला परीताईचं नाव हवंय," ती म्हणाली.

टुणकन एक जांभळा खडा तिच्या हातात आला आणि किणकिणला, "लीथी!"

"अय्या, मीच ती!" परी गरकन फिरली. तिला सगळं सगळं आठवलं, कुठला खडा कुणाचा तेसुद्धा. "अगं, तुझ्या आईची अंगाई तर रोज माझ्या पायाशी गुणगुणते!"

तिने ती मिर्तोच्या कानात गायली, शेवटच्या ओळीसकट. मग लख्ख चंदेरी उजेड पडला आणि मोकळी झालेली परी त्यात विरघळून गेली.

मिर्तो रस्ताभर गातच घरी आली. लिनोला थोपटत अंगाई म्हणू लागली, कुठेही न अडता. तर हा पठ्ठ्या अर्ध्यातच घोरायला लागला!

तरी मिर्तोने शेवटची ओळ म्हटली. हळूच, आपल्यापुरती.

"नीज नीज सोन्या, मी उशाशीच आहे."