शेंगूचा लाल पट्टा

एक होतं शहर. अगदी छोटं. शहराबाहेर होतं तळं. चांगलं मोठं. तळ्याकाठी यायच्या घरगाड्या.

घरगाडी म्हणजे काय? चाकांवरचं घर! आत गादी, आत शेगडी, खिडकीला पडदा. थांबली की घर. चालली की गाडी.

एका घरगाडीत होते बाबा. होती आई. होती चारू. आणि होती शेंगू.

शेंगू कोण? कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं! भाजक्या शेंगदाण्याच्या रंगाचं. शेपटी बोटाएवढी. गळ्यात लाल पट्टा. पट्ट्याला घुंगरू. शेंगू चालली, की घुंगरू वाजायचं. छुनुक छुनुक.

तळ्याकाठी एक पाटी होती. आईनं ती मोठ्यानं वाचली, "कुत्र्यांनो, या. पळा. खेळा. पण गळ्यात पट्टा हवा."

"ऐकलंस ना, शेंगू?" आई म्हणाली. "पट्टा नाही, तर जागा नाही हं!"

शेंगूनं ऐकलं. मग ती चिखलात लोळली. बदकांवर भुंकली. चारूच्या ताटातली पोळी खाल्ली. खूप मज्जा केली.

मग आला घरी जायचा दिवस. बाबा खुर्च्या मिटू लागले. खट्. खट्.

तेवढ्यात उडाला एक नाकतोडा. टुण्ण! शेंगू धावली त्याच्या मागे. नाकतोडा शिरला बोरीच्या झुडपात. शेंगूही शिरली. नाकतोडा गेला पलीकडे. शेंगू मात्र अडकली. तिनं मागे ओढलं. अजून ओढलं. सुर्रर्र! मान सुटली.

पट्टा राहिला. आत, काट्यांत.

शेंगूनं मान हलवली. छुनुक नाही. पुन्हा हलवली. छुनुक नाहीच. मान अशी हलकी हलकी लागली. शेंगूला ते मुळीच आवडलं नाही.

पट्टा नाही, तर जागा नाही!

म्हणजे घरगाडीतही जागा नाही? छाती झाली धडधड, धडधड.

"झुडपा, झुडपा, माझा पट्टा सोड ना!"

"मी नाही सोडत," झुडूप म्हणालं. "माझ्या फांद्या गुंतल्यात. शेळी येईल, फांदी ओढील, तेव्हा पट्टा सुटेल."

शेंगू पळाली शेळीकडे. तुडूतुडू, तुडूतुडू. छाती धडधड, धडधड.

"शेळीताई, शेळीताई, फांदी ओढ ना! झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

"मी नाही येत," शेळी म्हणाली. "ब्यँऽऽ! घसा कोरडा पडलाय. काटेरी पाला गिळू कशी? तळ्याचं पाणी मला चालत नाही. नळ वाहील, पाणी मिळेल, तेव्हा मी येईन."

शेंगूनं मागे पाहिलं. बाबांच्या खुर्च्या मिटून झाल्या होत्या. आई चटई झटकत होती. फट्! फट्!

शेंगू पळाली नळाकडे. तुडूतुडू, तुडूतुडू. छाती धडधड, धडधड.

"नळदादा, नळदादा, पाणी सोड ना! शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

"मी नाही वाहत," नळ म्हणाला. खर्र, खर्र, फुस्स! "टाकी रिकामी. वाहू कसा? सदूमामा उठतील, मोटर लावतील, तेव्हा मी वाहीन."

सदूमामा कोण? तळ्याकाठची राखण करणारे. झाडलोट त्यांची, मोटर त्यांची, दिवेही त्यांचेच. आत्ता ते झाडाखाली बसले होते. डोक्याला फडकं बांधून.

शेंगू पळाली सदूमामांकडे. तुडूतुडू, तुडूतुडू. छाती धडधड, धडधड.

"सदूमामा, सदूमामा, मोटर लावा ना! नळ वाहेना, शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांगा ना, मी काय करू?"

"मी नाही उठत, बाळा," सदूमामा म्हणाले. "सकाळपासनं राबतोय. डोकं ठणकतंय बघ. अनुसामावशी चहा देईल, तेव्हा मी उठेन."

शेंगूनं मागे पाहिलं. खिडकीचे पडदे सारले होते. बाबा टायर बघत होते. लाथ मारून बघत होते. धप्! धप्!

शेंगू पळाली अनुसामावशीच्या टपरीकडे. तुडूतुडू, तुडूतुडू. छाती धडधड, धडधड.

"अनुसामावशी, अनुसामावशी, चहा दे ना! मामा उठेना, नळ वाहेना, शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

"कुठून देऊ गं बाई?" अनुसामावशी म्हणाली. तिनं पातेलं उपडं करून दाखवलं. थेंब नाही पडला. "सदूला दुधाचाच चहा लागतो. म्हैस दूध देईल, तेव्हा मी चहा देईन."

टपरीमागे म्हैस होती. शेंगू पळाली म्हशीकडे. तुडूतुडू, तुडूतुडू. छाती धडधड, धडधड.

"म्हशीमावशी, म्हशीमावशी, दूध दे ना! मावशी चहा देईना, मामा उठेना, नळ वाहेना, शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

"हंऽऽ," म्हैस म्हणाली. तिचे डोळे ओले होते. "माझं रेडकू आलं नाही गं. बाळ दिसल्याशिवाय मला दूध सुटत नाही. रेडकू येईल, मला ढुशी देईल, तेव्हा मी दूध देईन."

घुर्र! घुर्र! घुर्र!

कसला आवाज हा? बाबांनी गाडी चालू केली होती!

शेंगू पळाली. तुडूतुडू, तुडूतुडू, तुडूतुडू. कान मागे. शेपटी खाली. छाती धडधड, धडधड, धडधड.

तळ्याच्या वाटेवर रेडकू दिसलं. ते उभं होतं. चारी पाय थरथरत होते.

"रेडकूबाळा, रेडकूबाळा, आईकडे जा ना! म्हैस दूध देईना, मावशी चहा देईना, मामा उठेना, नळ वाहेना, शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

"मी नाही हलत," रेडकू हळूच म्हणालं. "ते बघ. वाटेत तो बसलाय. तो उठेल, वाट देईल, तेव्हा मी हलेन."

तो कोण?

वाटेच्या मधोमध बसला होता एक कुत्रा. केवढा मोठा! ढगासारखा काळा. त्याचं डोकंच शेंगूएवढं. दुसऱ्या घरगाडीतून आला होता तो. गळ्यात जाडजूड पट्टा. आणि घशातून आवाज येत होता. गुर्रर्र... गुर्रर्र...

शेंगू थांबली. एक पाय पुढे. दोन पाय मागे.

पळून जावं का? पण कुठे? पट्टा नाही, तर जागा नाही.

घुर्र! घुर्र! लांबून गाडी म्हणाली.

शेंगूनं डोळे गच्च मिटले. आणि एका दमात सगळं बोलून टाकलं.

"दादा, दादा, वाट दे ना! रेडकू हलेना, म्हैस दूध देईना, मावशी चहा देईना, मामा उठेना, नळ वाहेना, शेळी येईना, झुडूप सोडेना, पट्टा मिळेना. आणि आमची गाडी चालली! सांग ना, मी काय करू?"

गुर्रर्र थांबलं.

शेंगूनं एक डोळा उघडला.

मोठा कुत्रा तिच्याकडेच बघत होता. त्याच्या डोळ्यात पाणी होतं.

"सगळे म्हणतात, मी गुरगुरतो," तो म्हणाला. "मी नाही गं गुरगुरत. मी कण्हतोय. कानात कुसळ शिरलंय. गवताचं. सारखं टोचतंय. डोकं हललं, तरी टोचतं. उठू कसा? कुसळ काढायला कोणी जवळच येत नाही. तू येशील?"

शेंगूनं त्याचे दात बघितले. केवढे होते! तिनं त्याचा कान बघितला. लाल झाला होता. बिचारा कान.

"दुखलं तर चावशील का?" तिनं विचारलं.

"नाही चावणार."

"नक्की?"

"नक्की."

शेंगू जवळ गेली. अजून जवळ गेली. पंजावर चढली. खांद्यावर चढली. कानात बघितलं. टोक दिसलं! तिनं इवल्याशा दातांत ते धरलं.

निसटलं.

मोठा कुत्रा थरथरला. पण चावला नाही.

शेंगूनं पुन्हा धरलं. हळूच ओढलं. हळूच... हळूच...

सुळ्ळ!

कुसळ निघालं!

कुत्र्यानं कान हलवला. फडफड, फडफड! "हुश्श! नाही टोचत!" आणि त्यानं शेंगूला चाटलं. एकदाच चाटलं. ती सगळीच्या सगळी ओली झाली.

मग काय झालं?

कुत्रा उठला, वाट दिली. रेडकू पळालं, टकाटक टकाटक. आईला ढुशी दिली, ढुस्स! म्हशीनं दूध दिलं, चुळ्ळ चुळ्ळ. मावशीनं चहा केला, खळखळ खळखळ. मामा चहा प्यायले, फुर्र फुर्र. "आता कसं बरं वाटलं!" मामा उठले, मोटर लावली. गुंईंऽऽ! नळ वाहिला, धो धो धो. शेळी पाणी प्यायली, लप लप लप. शेळी झुडपाकडे आली. फांदी धरली. ओढली, ओढली, ओढली. कर्रर्र!

झुडूप म्हणालं, "घे बाई!"

छुनुक! पट्टा पडला खाली.

शेंगूनं पट्टा तोंडात धरला. आणि पळत सुटली. तुडूतुडू तुडूतुडू! छुनुक छुनुक छुनुक छुनुक!

घुर्रर्रर्रर्र!

समोरून एक घरगाडी निघाली. मोठी, पांढरी. गेली शेंगूच्या शेजारून. धूळच धूळ! नाकात धूळ, डोळ्यात धूळ. शेंगूला काही दिसेना.

आमचीच होती का ती? आमचीच होती? शेंगूला भुंकायचं होतं. पण तोंडात पट्टा. शेंगूला रडायचं होतं. तोंडात पट्टा.

ती तशीच उभी राहिली. पुढे जाववेना.

हळूहळू धूळ बसली.

झाडाखाली एक घरगाडी होती. दार उघडं होतं. आणि पायरीवर बसली होती चारू. नाक लाल, गाल ओले.

"चारू, चल, चढ गाडीत," बाबा म्हणाले.

"नाही!" चारू म्हणाली. "शेंगू आली नाही, तर मी चढणार नाही!"

आई म्हणाली, "चारू चढली नाही, तर मीही चढणार नाही."

"तुम्ही चढला नाहीत, तर दार लागणार नाही," बाबा म्हणाले. "आणि दार लागलं नाही, तर ही गाडी हलणार नाही!" त्यांनी किल्ली फिरवली. घुर्रर्र... फुस्स. गाडी गप्प झाली. "चला, सगळे मिळून शोधू."

आणि तिघांनी हाक मारली. मोठ्ठ्यानं. अगदी तळ्याच्या पलीकडे जाईल एवढी.

"शेंगूऽऽऽ!"

शेंगू धावली. कशी धावली! तुडूतुडू नाही, धडूधडू! आणि चारूच्या मांडीवर उडी. धप्प!

चारूनं तिला घट्ट घट्ट धरलं. अगं, केवढी धूळ! केवढी थुंकी! चारूनं काही बघितलं नाही. गळ्यात पट्टा आहे का नाही, तेही नाही बघितलं. फक्त धरून ठेवलं.

शेंगूची छाती धडधडत होती. धडधड, धडधड. मग धड... धड. मग अगदी हळू.

मग आईनं तिच्या तोंडातला पट्टा घेतला. पुसला. गळ्यात बांधला. छुनुक.

शेंगू चढली. चारू चढली. आई चढली. दार लागलं. खटक! घुर्र, घुर्र, गाडी हलली.

गाडी लागली वाटेला, गोष्ट लागली काठाला.